साक्यावरची पावलं

कारखान्यात दगड दळतात, त्यातला धातू काढून घेतात आणि उरलेला राखाडी गाळ पाण्याबरोबर नळांतून तलावात सोडतात. गाळ खाली बसून त्याचा साका होतो, वर निवळलेलं पाणी पंपाने परत कारखान्यात जातं. वर्षानुवर्षं हाच फेरा. त्यातला जुना तलाव आता उपसायचा होता, कारण त्या गाळात अजून धातू शिल्लक आहे असं साहेबांच्या डोक्यात आलं होतं. पाण्याची तोफ मारायची आणि साका थराथराने धुऊन काढायचा, असं ते चिखलाचं, कंटाळवाणं काम. कुणी हौसेने घेईना. धाकट्याने मागून घेतलं.

का घेतलं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. अठरा वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ याच तलावात गेला. गेला म्हणजे गेलाच, हाडसुद्धा हाती लागलं नाही. आई एकटीच जुन्या घरात राहायची, धाकटा कारखान्याच्या खोलीत. दर आठवड्याला तो भेटायला गेला की ती एकच म्हणायची, "त्याचं काहीतरी आण रे. मला मोकळं कर."

पण एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. त्या दिवशी तलावातला नळ तुंबला होता. आत जायचं तर आधी फळ्या टाकायच्या, हा नियम. फळ्या होत्या पार पलीकडच्या काठाला, आणि आणायचा कंटाळा आला धाकट्याला. त्याने काठावरच्या खांबाजवळ उभं राहून काठीने साका टोचला आणि सांगून टाकलं, "दगड झालाय नुसता. जा बिनधास्त." वरची साय वाळते आणि खालचा गाळ ओलाच राहतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. थोरल्याने विश्वास ठेवला. अठरा पावलं गेला. ओरडायलाही वेळ मिळाला नाही त्याला.

तर तोफ सुरू झाली. दर उन्हाळ्यात गाळ सोडणं महिनाभर थांबवायचे, तेव्हा वरचा पापुद्रा वाळायचा, मग त्यावर पुन्हा गाळ. म्हणजे जितके उन्हाळे, तितके थर. पहिल्या दिवशी गेल्या उन्हाळ्याचा थर उघडा पडला आणि धाकट्याने झटकन चावी फिरवली. पाणी थांबलं. एकदम इतकं शांत झालं की नळातलं ठिबकणं ऐकू यायला लागलं.

वाळलेल्या साक्यावर बुटांचे ठसे होते. तलावाच्या आतून निघून थेट खांबापर्यंत आलेले. डाव्या टाचेला लोखंडी पट्टीची खूण. ती पट्टी धाकट्यानेच ठोकून दिली होती.

"आलं असेल कुणीतरी गाढव फिरायला," मुकादम म्हणाला. "चालव बाबा तोफ. माझी चामडी लोळवतील साहेब."

धाकट्याने चालवली. त्याच्या खालच्या थरावरही ठसे होते. तीच टाच, तीच वाट. फक्त खांबापासून एक पाऊल मागे थांबलेले. त्याच्या खाली दोन पावलं मागे. त्याच्या खाली तीन. मुकादमाच्या थट्टा दुसऱ्या दिवशी आटल्या. तिसऱ्या दिवशी तो तंबाखू मळायचंही विसरला. ओल्या लोखंडासारखा वास सगळीकडे भरून राहिला होता.

"हे असं वरून खाली नाही बघायचं रे..." तो हलकेच म्हणाला. "खालून वर बघ. वर्षाला एक पाऊल... पुढे येतोय तो."

चौथ्या दिवशी शेवटचा, अठरावा थर निघाला. त्यावर एकच पाऊल होतं. त्याच्यामागे, जिथे थोरला बुडाला तिथे, धाकट्याने गुडघे टेकून दोन्ही हातांनी उकरलं. नखं फुटली. हाड नाही, बूट नाही, काही म्हणजे काही नाही. तिथेच बसून तो लहान मुलासारखा रडला, आणि मुकादम तोंड फिरवून उभा राहिला.

संध्याकाळी तो तसाच आईकडे गेला. आई ओसरीवर सुकलेले कपडे घडी करत बसली होती. त्याने सगळं सांगितलं. ठसे, रिकामा तळ, आणि अठरा वर्षं घशात अडकलेलं तेही.

"मी पाठवलं त्याला, आई. मीच म्हणालो घट्ट आहे म्हणून. फळ्या आणायचा आळस केला मी."

आईचे हात थांबले नाहीत. तिने टॉवेलाची घडी घातली, वरून हात फिरवला.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"कुणी... कुणी सांगितलं?"

"त्याने. गेल्या उन्हाळ्यातच आला की तो. मागच्या खोलीत असतो. तू घाबरशील म्हणून बोलले नाही."

धाकट्याने मागे वळून पाहिलं. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत काहीच आवाज नव्हता.

"मग मला सारखं... काहीतरी आण म्हणून का सांगत होतीस?"

"तुझ्या तोंडून ऐकायचं होतं रे. त्यालाही आणि मलाही." तिने पहिल्यांदा मान वर केली. डोळे भरलेले, पण चेहरा इतका निवांत त्याने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "राग नाही त्याच्या मनात. जा, भेट भावाला."

तो उठला. दारापर्यंत गेला. कडीला हात लावला तेवढ्यात मागून आई म्हणाली,

"जपून पाय टाक हं. अलीकडे तिथली फरशी मऊ झालीय."