हवेतलं पाणी

जन्मभर मी कचेरीत फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ढकलल्या. त्यामुळे त्या दुपारी सिस्टर म्हणाल्या, "काका, काकूंच्या हवेच्या नळीत पाणी येतंय. तळघरात हवेचा कॉम्प्रेसर आहे, तिथे कोणी फोन उचलत नाही, जरा सांगून या," तेव्हा हे काम आपल्या वकुबातलं आहे असं मला वाटलं. बायको गुंगीत होती. यंत्र तिच्या छातीत हवा भरत होतं. नळीत पाणी वाढलं असतं, तर तेही छातीतच गेलं असतं.

तळघरात गंजाचा ओलसर वास होता. कॉम्प्रेसरवाला माझं ऐकून उठला.

"हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं," टाकीखाली बादली सरकवत तो म्हणाला. "लोकांचे श्वास असतात ते. आतून हाक आली तर ओ द्यायची नाही, काका."

"टाकी नाव घेऊन हाक मारते, की नुसतीच?"

तो हसला नाही. त्याने कॉक उघडला.

आधी तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ. धार थांबेचना. हळूहळू तिच्यातून वाफ येऊ लागली आणि त्या वाफेला बायकोच्या केसांच्या तेलाचा वास होता. मग पाणी संपलं. हवा फुसफुसू लागली आणि त्या फुसफुसीतून, अगदी हळू...

"अहो..."

कॉम्प्रेसरवाल्याने माझं मनगट घट्ट धरलं. "काका... नाही."

"अहो... इथे फार अंधार आहे..."

उभ्या संसारात तिच्या हाकेला मी पेपरातून मान वर न करता जे उत्तर दिलं, तेच तोंडून निघून गेलं. "हूं."

फुसफुस तुटली. कॉक सताड उघडा होता, दाबाचा काटा टाकी भरलेली दाखवत होता, आणि हवा येत नव्हती.

"वर जा," माझ्याकडे न बघता तो म्हणाला.

वर बायको उशीला टेकून बसली होती. नळी काढली होती. डॉक्टर एकाच दमात आश्चर्यही करत होते आणि श्रेयही घेत होते.

"घसा कोरडा पडलाय," ती म्हणाली. मग माझ्या कानाशी, "ओ द्यायला किती वेळ लावलात..."

आता घरी सगळं सुरळीत आहे. ती माझ्या चहाला नावं ठेवते, म्हणजे तीच असावी. फक्त रोज सकाळी ती चष्म्यावर तोंडाने 'हा' करते आणि रुमालाने पुसते. मी समोर बसून बघत असतो.

काचांवर वाफ धरत नाही.