सात सायकलींचे रुसलेले ब्रेक

"ब्रेक लाव! आदेश, ब्रेक लाव नं!"

"लावलाच आहे! लागून नाई राह्यला!"

दिव्यानीच्या डोळ्यांदेखत तिचा धाकटा भाऊ उताराच्या वळणावर वळलाच नाही. सरळ गेला! ब्रेक असा किंचाळला की काठावरचे बगळे भर्रकन उडाले, आणि पुढच्या क्षणी धप्प! आदेश सायकलसकट गावच्या बोडीत!

बोडी म्हणजे गावाचं लहानसं तळं. पाणी कमरेएवढंच होतं. आदेश उभा राहिला तेव्हा त्याच्या डोक्यावर कमळाचं एक पान टोपीसारखं बसलं होतं. ते पाहून कोलू मडावी हसता हसता रस्त्यातच बसला.

दिव्यानीला मात्र हसू येईना. आदेश पडला तिथून पाच हातांवर बोडीच्या पाळीचे, म्हणजे बांधाचे, मोठमोठे दगड होते. सायकल तिकडे गेली असती तर?

दिव्यानी आणि आदेश नागभीडचे. ती आठवीत, तो सहावीत. दिवाळीच्या सुटीत दोघं मूल या तालुक्याच्या गावाजवळच्या पळसटोल्याला मामाकडे आले होते, आणि शेजारचा कोलू पहिल्या दिवसापासून त्यांच्या टोळीत होता. गावात या वर्षी मोठी मजा होती. गावाच्या पर्यटन समितीनं जंगल सफरीसाठी गिअरच्या आठ सायकली आणल्या होत्या. जाड टायर आणि डिस्क ब्रेक! म्हणजे चाकाच्या मधोमध एक लोखंडी चकती, आणि ब्रेक दाबला की दोन छोटे पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतात.

पकडायला हवेत, एवढंच!

सायकलींचं काम पाहणाऱ्या प्रफुलभाऊंनी ओल्या आदेशकडे पाहिलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"ब्रेकले काई झालं नाई. तीन महिन्यांच्या सायकली आहेत. तूच भलतीकडं पाहून राह्यला असशीन!"

"मी समोरच पाहून राह्यलो होतो भाऊ! बोडी दिसून राह्यली होती मले!"

"जा, कपडे बदल. रविवारी चंद्रपूरच्या शाळेची पोरं येऊन राह्यली सफरीले. मले लय कामं आहेत."

दिव्यानी थबकली. रविवारी! आज बुधवार. ती मुलंही याच उतारावरून येणार होती, आणि त्यांना तर वळणाची माहितीही नसणार.

"एकच सायकल बिघडली का सगळ्या, ते पाहू," ती म्हणाली.

दिवाळीच्या रंगकामातला उरलेला चुना कोलूनं आणला. उताराच्या शेवटी, जिथं उतार फारसा उरत नव्हता, अशा सुरक्षित जागी त्यांनी रस्त्यावर एक पांढरी रेघ मारली. दिव्यानीनं एकेक सायकल जवळच्या मोहाच्या झाडापासून दर वेळी सारख्याच वेगानं आणायची, रेघेवर ब्रेक दाबायचा, आणि सायकल थांबेपर्यंत किती पावलं गेली ते आदेशनं मोजायचं.

"एक नंबर, सतरा पावलं!"

"दोन नंबर, एकोणीस! आणि कान फुटले माझे!"

"तीन नंबर, चौदा!"

चौथ्या सायकलवर दिव्यानीनं ब्रेक दाबला आणि ती पुढच्या पुढे हँडलवरून जाता जाता वाचली. आदेशनं दोनदा मोजलं. "तीन! फक्त तीन पावलं!"

उरलेल्या चारही पंधराच्या पुढे गेल्या.

"सात सायकलीईले भूत लागलं," आदेश म्हणाला, "अन् चौथीले घाबरलं!"

"भूत नाई रे, लच्छूभाऊ!" कोलू आवाज दाबून म्हणाला. "त्याची सफारीची जीप आहे नं! परवा पानठेल्यावर म्हणत होता, सायकली बंद पडल्या का सारे पावणे माह्याच जीपमंदी बसतीन."

दिव्यानीनं दोन नंबरच्या चकतीवरून बोट फिरवलं. गुळगुळीत लागलं. तिनं बोट हुंगलं. नव्या कोऱ्या गाडीत बसल्यावर येतो तसा गोडसर वास! मग तिनं चार नंबरचीही चकती हुंगली. लोखंडाचा नि धुळीचा वास, बाकी काही नाही.

"ही चौथी वेगळी कुठी होती?"

"शेडमंदी भिंतीले टांगली होती," कोलू म्हणाला. "पंधरा दिवस पंक्चर होती. आजच शेडवाल्या हरिदासकाकानं पंक्चर काढलं." चौथी त्यांनी पुन्हा तिथंच टांगून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मूलला सायकल मिस्त्रीकडे जायचं ठरलं. पण मूलला जायला गाडी एकच, लच्छूभाऊची जीप! दोन नंबरची सायकल जीपमध्ये मागच्या बाजूला ठेवून तिघं तोंडं घट्ट मिटून बसले. लच्छूभाऊ मात्र गाणं म्हणत जीप हाकत होता. दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालली होती.

"काऊन रे, ब्रेक दाखवाले चालले का?" त्यानं विचारलं.

कोलूनं दिव्यानीला कोपरानं ढोसलं. "तुमाले कसं मालूम, ब्रेकच खराब आहे म्हणून?"

"घ्या! हे पोट्टं बोडीत गेलं ते साऱ्या गावाले मालूम आहे नं बाप्पा!"

आदेशचे कान लाल झाले.

मूलच्या बाजारात मुखरूभाऊंचं दुकान होतं. पांढऱ्या मिशांचे मुखरूभाऊ सायकल उलटी करून बसले. त्यांनी ब्रेकमधून दोन पॅड काढून तळहातावर ठेवले. रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, आणि काचेसारखे चकचकीत!

"पाहा. पॅड असा चमकला नाई पायजे, खरबरीत पायजे. हा स्पंजासारखा राह्यते. तेल पेला का कामातून गेला. वरून कितीबी घासा, आतलं तेल निंगत नाई. डिस्क पुसून चांगली होते, पॅड फेकाच लागते."

"पण तेल टाकलं कोणी?" दिव्यानीनं विचारलं.

मुखरूभाऊंनी पॅड नाकाशी नेला. "तेल नाई, पॉलिशचा स्प्रे आहे हा. गाड्या चमकवाचा."

तिघांनीही वळून लच्छूभाऊच्या जीपकडे पाहिलं. मुखरूभाऊ खो खो हसले. "तिच्याकडं काऊन पाहता? तीन सालात पाणी नाई लागलं तिले, पॉलिश कुठून लागते!"

खरंच होतं. जीपच्या काचेवर बोटानं नाव लिहिता आलं असतं. नवे पॅड दुकानात नव्हते, म्हणून मुखरूभाऊंनी जुनेच परत बसवून दिले.

शुक्रवारी पहाट होऊन उजेड फुटला तेव्हा स्प्रे कोण मारतं ते पाहायला तिघं सायकलींच्या शेडमागे, तणशीच्या म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या ढिगाआड दबा धरून बसले होते. थंडीनं दात वाजत होते. आदेशला शिंक आली की कोलू त्याचं नाक धरी.

कुलूप उघडल्याचा आवाज आला. कोणीतरी गुणगुणत होतं. मग फुस्स! फुस्स!

दिव्यानीनं फटीतून पाहिलं आणि तिला एकदम वाईट वाटलं. ते हरिदासकाका होते! शेडचे राखणदार. बुधवारी ओल्या आदेशला स्वतःचं धोतर गुंडाळून चुलीपाशी बसवणारे हरिदासकाका! हातात स्प्रेची बाटली, खांद्यावर फडकं, आणि लहान मुलाचं तोंड पुसावं तशा मायेनं ते सायकल पुसत होते.

"काका!" ती बाहेर आली. "हे तुमी रोज मारता?"

"हो नं बाई! प्रफुलनं मागच्या हप्त्यात आणून देल्ली बाटली. म्हणे, फोटोत सायकली चमकल्या पायजे." काका अभिमानानं हसले. "चाकातली थाळी तर लय मळते. तिले मी दोनदा मारतो!"

दिव्यानीनं हळूहळू सगळं सांगितलं. पॅड, वास, बोडी, भिंतीला टांगल्यामुळे वाचलेली चौथी सायकल, सगळं. काकांच्या हातातलं फडकं खाली आलं. ते तिथंच सायकलींमध्ये बसले.

"म्हणजे हे लेकरू माह्यापायी पाण्यात पडलं?"

"तुमच्यापायी नाई काका!" आदेश घाईघाईनं म्हणाला. "तुमाले कोणी सांगतलंच नाई! अन् मले पोहता येते!"

दिव्यानीनं बाटली उचलली. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत सूचना छापली होती. ब्रेक आणि डिस्कवर हा स्प्रे मारू नये! ती तडक प्रफुलभाऊंकडे निघाली. बाकीचे तिच्या मागे.

"अरे, असं तर साऱ्याच बाटल्याईवर लिहून राह्यते!" प्रफुलभाऊ हसले. "स्प्रेनं कुठी ब्रेक जाते? माह्याकडं डिप्लोमा आहे, मले शिकवता?"

"मग तुमीच चालवून पाहा नं भाऊ," दिव्यानी शांतपणे म्हणाली. "दोन नंबरची. व्हिडिओ कोलू काढीन."

व्हिडिओ म्हटल्यावर प्रफुलभाऊंनी केसांवरून हात फिरवला. "चला!"

पण दिव्यानीला कोणाचंही हाड मोडायला नको होतं. तिनं वरचा उतार सोडून मोहाच्या झाडाचीच जागा धरली. चुन्याच्या रेघेपलीकडे दहा पावलांवर तिघांनी आणि हरिदासकाकांनी मिळून तणशीचा हा भलामोठा ढीग रचला.

"हे कायले?" प्रफुलभाऊंनी विचारलं.

"असंच," आदेश म्हणाला. "बसाले."

प्रफुलभाऊ मोठ्या डौलात निघाले. रेघ आली. त्यांनी एका बोटानं ब्रेक दाबला. मग दोन बोटांनी. मग दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन! ब्रेक किंचाळला, प्रफुलभाऊ त्याहून मोठ्यानं किंचाळले, आणि सायकलसह ढिगात गडप झाले! नुसते दोन बूट बाहेर दिसत होते.

धान कापायला निघालेल्या बाया विळे हातात घेऊन हसू लागल्या. त्या घोळक्यातून गिरजामामी पुढे आल्या. दिव्यानीच्या या मामीच पर्यटन समितीच्या अध्यक्ष. त्या हसत नव्हत्या.

"प्रफुल, परवा चाळीस लेकरं येऊन राह्यली आहेत. पुढं तणीस नाई राह्यत, बोडीचे गोटे राह्यते. या पोट्ट्यायनं बुधवारीच सांगतलं होतं नं तुले?"

डोक्यातली तणीस काढता काढता प्रफुलभाऊ उठले. त्यांचा चेहरा उतरला होता. "चुकलं, काकू. माहं चुकलं. सफर रद्द करू का?"

"रद्द काऊन?" दिव्यानी म्हणाली. "आज फोन केला तर पॅड उद्यापर्यंत नाई येणार?"

लगेच मुखरूभाऊंना फोन लागला. फोन स्पीकरवर टाकून सगळे कान देऊन उभे राहिले.

"दोन जातीचे पॅड भेटते," मुखरूभाऊ सांगू लागले. "रेझिनचा नरम राह्यते, आवाज करत नाई, दाबल्याबरोबर धरते. पण चिखलात लवकर झिजते. मेटलचा टणक. चिखल, पाणी, लंबा उतार, कशालेच भीत नाई. पण गरम झाल्याबिगर नीट धरत नाई, अन् कुरकुरते."

"मेटल!" आदेश ओरडला. "टणकच पायजे!"

"थांब," दिव्यानी म्हणाली. ती गुडघ्यावर बसून चकती निरखत होती. तिथंही बारीक अक्षरं कोरलेली होती. आता तिला बारीक अक्षरं वाचायची सवयच लागली होती! "रेझिन पॅड ओन्ली, असं लिहिलं आहे भाऊ!"

"शाबास!" फोनमधून आवाज आला. "मंग मेटल घेऊच नको. नरम डिस्कले ते खाऊन टाकते. सातही सायकलीले रेझिनच. पावसाळ्यात मात्र दर हप्त्याले झीज पाहाची."

"अन् आपल्या वाटाड्याची सायकल?" हरिदासकाकांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "ते एक नंबरची. तिच्यावर पाण्याचे कॅन अन् औषधाची पेटी राह्यते. वजन लय."

"हे कामाचं बोलले काका! तिच्या पुढच्या चाकाले मोठी डिस्क लावू, मेटलवाली. चकती मोठी, तर पकड मोठी. मेटलचे पॅड त्या एका चाकालेच."

शनिवारी सकाळी नागपूरच्या बसनं पार्सल मूलला आलं. ते आणि पेटीसकट मुखरूभाऊंना घेऊन धुरळा उडवत कोण आलं? लच्छूभाऊ! पोरांनी त्याला गाठलं.

"भाऊ, आमी तुमच्यावर शक घेतला होता," दिव्यानीनं सांगून टाकलं. "चुकलो आमी."

लच्छूभाऊनं क्षणभर डोळे वटारले, मग गडगडाटी हसला. "मले वाटलंच! जीपमंदी असे बसले होते, जसं मी वाघ होय!"

मग कामाची नुसती धूम उडाली. कोलूनं स्वच्छ फडक्यावर स्पिरिट घेऊन चकत्या पुसल्या, आदेशनं पॅडच्या पुड्या फोडल्या, दिव्यानी मुखरूभाऊंना पाना देत होती. प्रफुलभाऊ फोन खिशात ठेवून चाकं काढत होते. "चकतीले बोट लावू नका! बोटालेबी तेल राह्यते!" मुखरूभाऊ सारखे ओरडत होते.

दिव्यानीनं पहिली सायकल पळवून ब्रेक दाबला आणि ती घाबरली. "भाऊ, हे पॅडबी धरून नाई राह्यले!"

"नवे पॅड असेच राह्यते! त्यायची अन् चकतीची ओळख व्हा लागते. वेग घे, हळू कर, पूर्ण थांबू नको. असं वीस खेप!"

सात सायकली, वीस वीस खेपा! दुपारभर तिघं रस्त्यावर येरझारा घालत होते. पारावरच्या म्हाताऱ्यांना वाटलं, पोरांना वेड लागलं. पण दर खेपेला ब्रेक थोडा थोडा आवळत गेला. शेवटी चुन्याच्या रेघेवर आदेशनं पावलं मोजली आणि उडीच मारली.

"तीन! साऱ्याच्या साऱ्या तीन पावलांत!"

रविवारी चंद्रपूरची मुलं आली. सात-सात मुलं आणि एक नंबरवर वाटाड्या, अशा तुकड्या पडल्या. उताराच्या वर हरिदासकाका उभे होते. गिरजामामींनी आदल्या संध्याकाळी समितीत ठरवून टाकलं होतं, काकांनी ब्रेक तपासल्याशिवाय एकही सायकल सुटणार नाही. मुखरूभाऊंनी त्यांना सगळं शिकवलं होतं. काका प्रत्येक सायकलचं चाक उचलून फिरवत, ब्रेक दाबत, ऐकत, आणि मगच हात हलवत.

पहिली तुकडी उतरली. दिव्यानीनं श्वास रोखून धरला. वळणावर आठही सायकली हळू झाल्या, झोकात वळल्या आणि साजाच्या झाडांतून पुढे गेल्या. किंचाळत होती ती फक्त मुलं, आनंदानं!

जेवायच्या वेळी गिरजामामींनी तिघांना सगळ्यांसमोर बोलावलं. "आमी मोठ्यायनं चमक पाह्यली," त्या म्हणाल्या. "या लेकरायनं ब्रेक पाह्यला. पळसटोल्याची इज्जत या तिघायनं राखली!" टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रफुलभाऊंची टाळी सगळ्यांत मोठी होती. मुखरूभाऊंनी दिव्यानीच्या डोक्यावर हात ठेवला. "मिस्त्री आहे ही पोट्टी. पुढच्या सुटीत माह्या दुकानात पाठवा."

शेवटच्या फेरीला शाळेचे मुख्याध्यापकही सायकलवर बसले. काकांनी चाक फिरवलं, ब्रेक दाबला आणि मान हलवली. "साहेब, उतरा. तार ढिली आहे."

"काका, एकच फेरी आहे," प्रफुलभाऊ कुजबुजले. "साहेब आहेत ते. जाऊ द्या नं!"

"नाई जाऊ देणार," हरिदासकाका ठणकावून म्हणाले. मग त्यांनी खिशातला पाना काढून दिव्यानीपुढे धरला. "ये बाई, तार आवळ. तोवर थांबतीन साहेब."

आणि मुख्याध्यापक खरोखरच सायकलवरून उतरून, हाताची घडी घालून, शहाण्या मुलासारखे थांबले!