कुंकवाचं बोट आणि परतणारा इलेक्ट्रॉन

जोड्या गायब झाल्या होत्या. कालपर्यंत लेझरचा झोत निऑन वायूवर पडला, की कित्येक अणूंमधून इलेक्ट्रॉन जोडीनं बाहेर पडत. आज, दसऱ्याच्या सकाळपासून, एकेकटेच बाहेर येत होते, तेही संख्येनं जरा कमीच. पडद्यावर जोड्यांची जागा ओकीबोकी.

"काय धाड भरलीय याला!" आबा करवादले.

दहा वर्षांची झरी आणि तिचे आबा, म्हणजे आईचे वडील, चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांमागच्या या प्रयोगशाळेतच राहत. आई चंद्रावर. तिथल्या तळावर बर्फ खणायची यंत्रं दुरुस्त करायला गेली. उन्हाळ्यात येणार होती, मग गणपतीत, आता दिवाळीत म्हणे. 'म्हणे' हा शब्द मोठी माणसं फार वापरतात. त्याच्यामागे लपायला बरं पडतं.

काल खंडेनवमी. सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात, तशी झरीनं लेझरची केली होती. तो बंद असताना झोताच्या वाटेतली काचेसारखी चकती कडीसकट काढली, पुसली, कडीवर कुंकवाचं बोट लावलं, हात जोडून म्हणाली, "आईला आण," आणि चकती परत बसवली.

शेवटी तिनं सगळं सांगून टाकलं.

"कुंकू? लेझरच्या वाटेत कुंकू?" आबांनी कपाळावर हात मारला. "अगं, पिठाच्या गिरणीला तरी लावायचंस! यंत्र नवसाला पावत नाही, झरे. माणसंही पुष्कळदा पावत नाहीत."

"मग जोड्या कुणी पळवल्या?"

"आधी हे सांग, जोड्या निघतातच कशा? अणूच्या मध्यभागी धन भार, भोवती ऋण भाराचे इलेक्ट्रॉन. एक उपटला, की मागे उरतो आयन (इलेक्ट्रॉन गमावलेला अणू). तो उरलेल्यांना आणखी घट्ट धरून ठेवतो."

"म्हणजे दुसरा निघणं अवघड."

"फार अवघड. हिशेबानं जोडी क्वचित दिसायला हवी. आणि दिसतात त्याच्या कितीतरी पट!"

झरीला शाळेतलं अणूचं चित्र आठवलं. मध्ये लाडू, भोवती गोल रेघा, खाली 'पाठ करा.' का आणि कसं विचारलं, की अंगठे धरून उभं करतात. अशानं पोरं हुशार होत नाहीत, फक्त वाकतात.

आबांनी झेंडूच्या माळेचा दोरा ओढून काढला, त्याला कुलूप बांधलं आणि छताच्या हुकाला टांगलं. खाली, कुलूप बरोबर आपटेल असं, स्टुलावर बुद्धिबळातलं प्यादं ठेवलं.

"कुलूप म्हणजे पहिला इलेक्ट्रॉन, प्यादं म्हणजे दुसरा. आपली स्पंदनं (प्रकाशाचे क्षणाहूनही कितीतरी छोटे झटके) इतकी तीव्र, की पहिल्याला ओढून नेतात. ओढ कुलूप. पण प्रकाश म्हणजे लहर. तिचा जोर आत्ता इकडे, तर लगेच उलट तिकडे. उलटला जोर. सोड!"

खट्! प्यादं उडून कोपऱ्यात पडलं.

"पहिलाच परत आला!" झरी ओरडली. "आणि घरातल्या दुसऱ्याला धडकून बाहेर काढलं!"

"झालं ना? लेझरनं एकच ओढून नेला. दुसरा त्या परतणाऱ्यानं काढला. आता कुलूप ओढ, पण सोडताना आडवा धक्का दे."

कुलूप प्याद्याभोवती गोल फिरत राहिलं. जवळून जायचं, पण शिवायचं नाही. झरीला ते बघवेना. चंद्र असाच फिरतो. रोज दिसतो आणि येत नाही.

"आबा, चकती! कुंकू वर दिसावं म्हणून मी ती फिरवून बसवली!"

"वर शोभतं ना!" आबा हसले. "ती नीट बसली, तर लहर एका रेषेत मागेपुढे झुलते. तिरकी बसली, की जोर गोल फिरतो. इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, पण घराची वाट चुकतो."

दर वेळी लेझर बंद करून झरीनं कडी थोडी थोडी फिरवली. कुंकवाचं बोट घड्याळात दीड वाजता तासकाटा असतो तिथे आलं. लेझर सुरू झाला आणि पडद्यावर जोड्यांचा पाऊस पडला.

झरी मात्र नाचली नाही.

"आबा, परतलेला दुसऱ्याला बाहेर काढतोच? मग आई आली, की मला नेणार?"

आबांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "सकाळी निरोप आलाय. दिवाळीत येतेय. म्हणे नाही, येतेयच. तिकडे शाळा निघालीय. तुझं नाव घातलंय."

"सकाळी? आणि आत्ता सांगताय?"

"जीभ उचलली नाही, बाई."

झरीला हसू आणि रडू एकदमच आलं. "आणि तुम्ही?"

"मी आयन. दोन गमावलेला."

"कायमचा?"

"छे! आयन सुटा इलेक्ट्रॉन दिसला की धरतोच. खालच्या वाडीतल्या पोरी रोज खिडकीतून डोकावतात. त्यांना घेईन आत."

झरीनं नाक ओढलं, फडकं ओलं केलं आणि कडीवरचं कुंकू पुसायला निघाली. आबांनी तिचा हात धरला.

"राहू दे ते. पुढच्या खंडेनवमीला तू नसशील. चकती कुठं बसते, ते मला कोण सांगणार?"