धाकट्याची टेहळणी

जेवणाची सुट्टी संपली तशी ताई तारांची पेटी घेऊन लष्करी तळावरच्या शेडमध्ये शिरली. दुरुस्त होऊन आलेल्या हेलिकॉप्टरचे हेडसेट तपासायचे होते. टेहळणीचं, वेळ पडली तर हल्ल्याचं, हलकं दोन आसनी यंत्र. हेच घेऊन तिचा धाकटा भाऊ एकटाच गेला आणि परतला तो शवपेटीतून. ‘वैमानिकाचा हात चुकला,’ म्हणून तळाचे मोठे साहेब मोकळे झाले होते. आता यंत्राला शेपूट नवी, रंगही नवा. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती त्याच्या जागेवर बसली. रंगाच्या वासाखाली जळकट वास होताच. तिने हेडसेट चढवला...

कानात कुणीतरी श्वास घेत होतं.

“साहेब, खाली बायका कपडे वाळत घालताहेत... हत्यार नाही कुणाकडे.”

धाकटा!

“मार. विचारू नकोस.” हा आवाज मोठ्या साहेबांचा.

“नाही मारणार.”

“मागच्या हेलिकॉप्टरने याची शेपूट उडवा.”

मग नुसता कडकडाट.

ताई तडक साहेबांच्या खोलीत गेली. “हात चुकला म्हणालात ना? चला, ऐका!”

साहेब हसत आले. हेडसेट कानाला लावला आणि चेहरा पांढराफटक पडला.

“बंद कर हे!”

“कसं करू? बॅटरीच काढलीय.”

हेडसेट भिरकावून ते उन्हात पळाले. ताईने तो पुन्हा चढवला. तेवढ्यात मैदानावरून एक सावली सरकत आली. वर पंखा फिरणारी, हेलिकॉप्टरची. आभाळ मात्र मोकळं, आवाज नाही. सावली साहेबांवर येऊन थांबली. ते डावीकडे वळले, तीही वळली.

“ताई,” धाकटा हळूच म्हणाला, “खाली एकच माणूस आहे... काय करू?”

तिच्या तोंडात ‘मार’ आलं होतं. दातांखाली धरलेला ओठ फुटून रक्त आलं.

“मारू नकोस,” ती म्हणाली. “बघत राहा त्याच्याकडे. मरेपर्यंत.”

साहेबांनी बदली मागून घेतली. पार दूरच्या गावी गेले. हेलिकॉप्टर शेडमध्येच आहे. पण त्यांची बायको सांगते, आभाळ गच्च भरलेलं असतं, झाडाचीसुद्धा सावली पडत नाही, तेव्हाही अंगणात ती हेलिकॉप्टरची सावली असते. पंखा संथ फिरत असतो...

परवा ती सावली घरात, त्यांच्या पलंगाशी होती.