द्रौपदीबाईंची नोंद

राहू द्या लाइट बंद. फोन खिशात घाला आधी, मग सांगतो. थापा मारायची मला सवय नाही. हा सर्वेश आमच्याच मरोळच्या ऑफिसात, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. हे सगळं त्यानेच मला सांगितलं.

मुलुंडच्या एका खाजगी हॉस्पिटलचा डेटाबेस तो सांभाळायचा. बारा ऑगस्ट, मंगळवारची रात्र. सव्वा वाजता अलार्म झाला, डिस्क फुल्ल. रोजचंच काम होतं. डेटाबेसमध्ये काहीही लिहिलं की ते आधी लॉग फाइलमध्ये उतरतं, आणि तिचा बॅकअप घेतला की जागा मोकळी होते. या शहाण्याने महिनाभर लॉगचा बॅकअपच घेतला नव्हता. आता घ्यायचा तर तासभर मोडणार, आणि डोळ्यांवर तर झोप. "कोण बघतंय यार," म्हणाला आणि अख्खा लॉगच उडवला.

झालं, वाट लागली. डेटाबेस उघडेना. डेटाबेसची एक प्रत रोज रात्री आठला आपोआप निघायची, ती चढवून त्याने वेळ मारून नेली. आठनंतरच्या नोंदी गेल्या, हे कोणालाच सांगितलं नाही.

साडेआठला सपना सिस्टरने एक नोंद केली होती. नऊ नंबरच्या बेडवरच्या द्रौपदीबाईंना अमुक इंजेक्शन चालत नाही. सकाळी तेच दिलं गेलं, आणि बाई गेल्या. सपना रडून सांगत होती, "मी लिहिलं होतं हो, आईशप्पथ!" पण चौकशीत नाव तिचंच लागलं, तिला घरी बसवलं. सर्वेशला कळलं, तरी तो गप्प बसला.

पुढचा मंगळवार. रात्री सव्वा वाजता पुन्हा अलार्म.

त्याने लॉग उघडला. एकच ओळ. 'द्रौपदी. हे इंजेक्शन चालत नाही.' हजारदा... लाखदा...

साफ केला. पाच मिनिटांत भरला. पुन्हा साफ केला. पुन्हा भरला.

"बाई... चुकलो मी." तो मोठ्याने म्हणाला. खोलीत कोणी नव्हतं...

लॉग थांबला. मग एकच नवा बदल उतरला, चौकशीच्या नोंदीतला. लॉगमध्ये जुनं आणि नवं, दोन्ही दिसतं. दोषी कोण? जुनं नाव सपना. नवं... सर्वेश.

एक बटण दाबलं की ही ओळही गेली असती. बोट बटणावर होतं...

नाही दाबलं त्याने. पहिल्यांदाच लॉगचा नीट बॅकअप घेतला आणि सकाळी स्वतः मुलुंडला नेऊन दिला. सपनासमोर हात जोडले. ती म्हणाली, "हात खाली घे. आठ दिवस कुठे होतास रे तू?" तिला कामावर परत घेतलं, याची नोकरी गेली.

ती फाइल मी स्वतः पाहिली आहे. बदल कोणी केला, ते नाव असल्याशिवाय सिस्टम काही लिहूनच घेत नाही. त्या ओळीत तो रकाना... कोरा आहे.