ना-हरकत दाखला

सातारच्या कचेरीबाहेर चिंतामणराव अर्जनवीसांच्या पत्र्याखाली जोतीराम घुसला, तो काही अर्ज लिहून घ्यायला नव्हे; काखेतला सातबाराचा उतारा पावसापासून वाचवायला. श्रावण सरत आला तरी रिपरिप थांबायचं नाव घेत नव्हती. आत आल्याबरोबर त्यानं टोपी झटकली आणि टाइपरायटरपुढं बसलेल्या मुलीच्या मसुद्यावर पाण्याचा सडा पडला.

"अहो, बघून तरी...!"

"चुकलं, बाई. तुमचा कागद भिजला, पर माझा वाचला बगा."

आणि वर हसला! चारुलता रागावणारच होती. पण त्याच्या भिवयांवरून पाणी निथळत होतं, उतारा मात्र त्यानं लेकरासारखा छातीशी धरला होता... तिनं नुसतंच टेबलावरचं फडकं पुढं केलं.

वडिलांचे, चिंतामणरावांचे, हात थरथरायला लागल्यापासून, गेली दोन वर्षं, अर्ज तीच टाइप करायची. सन चौऱ्याहत्तरात कचेरीच्या दारात मुलगी बसलेली बघून माणसं आधी बिचकत, मग मुकाट्यानं स्टुलावर बसत. जोतीराम बिचकला नाही.

"गुऱ्हाळ घालायचं हाय," तो म्हणाला. कराडच्या खाली कृष्णाकाठचा तो. सात वर्षं पलटणीत काढून घरी आला होता आणि सगळी कमाई एका इंजिनात आणि ऊस गाळायच्या चरकात घालून बसला होता. गावातला ऊस कारखान्याच्या तोडणीची वाट बघत तुरे येईस्तोवर उभा राहायचा, वाळायचा. दहा घरांनी त्याला शब्द दिला होता – तू चरक चालू कर, आमचा ऊस तुझा. पण कारखान्याच्या हद्दीत इंजिनावरचा चरक चालवायचा तर सरकारचा परवाना लागे. त्याशिवाय रसाचा पहिला थेंब पडला की गुन्हा.

"रान माझं, इंजिन माझं, आन् रस काढायला चिठ्ठी सरकारची! पलटणीत हातात बंदूक दिली, तवाबी येवढी कागदं न्हाई मागितली."

चारुलता हसली. हसायला नको होतं, असं तिला पुढं कितीदा तरी वाटलं.

पहिला अर्ज परत आला – कोर्ट फी स्टॅम्प कमी. दुसरा परत आला – गट नंबरात खाडाखोड. तिसरा आला – इंजिनाच्या पावतीवर अश्वशक्ती लिहिलेली नाही. दर खेपेला एक पोस्टकार्ड जायचं, दर खेपेला जोतीराम सकाळच्या एस.टी.नं यायचा, आणि दर खेपेला त्याच्या खिशात काहीतरी असायचं. भाद्रपदात भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा होत्या, अजून कोमट.

"टायपिणबाई, तुमचं हे यंतर नुसतं नामंजूर लिवायला शिकलंय काय?"

"नामंजूर ते आत बसलेले लिहितात. मी फक्त विनंती लिहिते."

"मंग येकदा माज्याकडं बगून लिवा की."

तिनं बघितलं नाही. पण त्या ओळीवर तिची बोटं दोनदा चुकली, आणि वडिलांनी चष्म्यावरून पाहिलं तेव्हा कानाच्या पाळ्या तापल्याचं तिला कळलं. आवडला होता तो तिला. पोस्टकार्ड टाकल्यापासून ती दिवस मोजत होती, आणि कचेरी आपल्या भल्यासाठीच त्याला परत पाठवते आहे असं वाटून सुखावत होती. त्याच्या गालाची हाडं मात्र दर फेरीला वर येत चालली होती. ते तिला दिसत होतं, तरी दिसत नव्हतं.

चौथ्या खेपेला सगळं जमलं. उतारा, पावती, स्टॅम्प, आणि सरपंचाच्या सहीशिक्क्याचा ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला.

"आता कायबी राह्यलं न्हाई न्हवं?"

"काही नाही. आज खिडकी बंद झाली. उद्या सकाळी मीच देते."

"गूळ निघाला की पयली ढेप तुमची. सांगलीच्या पेठेत माल जायच्या आदी."

"आणि मग?" तिनं कागद नीट करत विचारलं. "परवाना मिळाल्यावर अर्जनवीसाकडं काय काम असणार तुमचं?"

जोतीराम नुसता हसला, आणि एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठला.

ते हसू तिनं रात्रभर उलटंपालटं केलं. नाही येणार. कशाला येईल? सकाळी खिडकीशी जाण्याआधी तिनं तो दाखला टाचणीतून सोडवला आणि खणात, कार्बनच्या खाली सारला. एकच फेरी... आठ दिवसांत अर्ज परत येईल, तो येईल, आपण 'अगंबाई, इथंच राहिला की' म्हणून लावून देऊ. तेवढ्यात कुणाचं काय बिघडतं? खण लावताना तिला स्वतःचंच हसू आलं.

सातव्या दिवशी कचेरीतले कारकून नानासो चहाला बाहेर आले.

"वरून आदेश आलाय, चारूताई. कालपर्यंत ज्यांचे कागद पुरे, तेवढेच अर्ज विचारात घ्यायचे. बाकीचे निकाली. नवे चरक बंद म्हणजे बंद."

तिनं खण ओढला. दाखला घेऊन धावत नानासोंच्या आधी खिडकीशी पोचली. त्यांनी तो वाचला आणि हळहळले.

"अरेरे! त्याचा हा एवढा एकच कमी होता. काल आणला असता तर..."

जोतीराम दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला. खिशात काही नव्हतं. दहाच्या दहा घरांनी ऊस कारखान्याला नोंदवला होता. वडील जेवायला घरी गेले होते. तो बसला, आणि कचेरीनं दाखला नाही म्हणून लिहिलंय ते कसं, एवढंच त्यानं विचारलं. त्याला तिचा संशयसुद्धा आला नव्हता. 'हरवला' म्हटलं असतं तरी त्यानं मानलं असतं. तो शब्द तिच्या जिभेवर आलाही होता.

तिनं दाखला त्याच्यापुढं ठेवला.

"हरवला नव्हता. मी काढून ठेवला होता."

"का?"

"तुम्ही परत यावंत म्हणून..." आणि तिनं बाकीचंही सांगून टाकलं. "मला तुम्ही हवे होतात."

बाहेर कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. जोतीराम सरपंचाच्या शिक्क्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"आईनं गुळाचं चुलवाण लिपून ठेवलंया," तो म्हणाला. "सोताच्या हातानं. रोज इचारती, कवा पेटवायचं."

"मला बोला. काहीही बोला... पण असं बसू नका."

"काय बोलू? शिव्या द्याव्या म्हनलं, तर तोंडात येत न्हाईत तुमच्यासाठी." त्यानं मान वर केली. डोळे लाल झाले होते. "टायपिणबाई, तुमी नुसतं 'या' म्हनला असतासा, तर मी बिनअर्जाचा आलो असतो. रोज आलो असतो."

"मग आता म्हणते. या."

तो उठला. टोपी हातातच होती.

"पिंपरीला पहाऱ्याची नोकरी धरलीया. परवा हजर व्हायचंय. इंजिन इकलं." टोपी डोक्यावर ठेवत तो म्हणाला, "आलो असतो. पर तुमच्याकडं बगितलं की मला ते चुलवाण दिसंल. मंग मी कायतरी वंगाळ बोलंन, आन् तुमी ऐकून घ्याल. तसलं नको आपल्यात."

तो पायऱ्या उतरून स्टँडच्या वाटेला लागला. चारुलता पत्र्याच्या कडेपर्यंत गेली. हाक मारली तर तो थांबेल, हे तिला ठाऊक होतं. वळेल, कदाचित परतही येईल. पण मग दाखला दडवून अडवलं तसंच पुन्हा आपणच त्याला अडवलं, हे आयुष्यभर दोघांत राहील, हेही तिला कळत होतं.

तिनं हाक मारली नाही.