गाठ मारून गेलेला चोर

“आक्का, तालमीत या. पडदा कापलाय!”

फोनवर पूर्णिमा होती. निवृत्त हवालदार वर्षाराणी चपला सरकवून निघाली. ती पोचली तेव्हा निम्मी गल्ली तालमीच्या हॉलमध्ये जमली होती.

दर शनिवारी संध्याकाळी इथं गल्लीचा सिनेमा असायचा. तिकीट नाही, वर्गणी नाही, सतरंजी मात्र ज्याची त्यानं आणायची. पडदाही गल्लीचाच. घरागणिक एकेक पांढरं कापड आलेलं. कुणाचं धोतर, कुणाची चादर, कुणाचा विटलेला फेटा. कपडे शिवणाऱ्या पूर्णिमानं ते एकाला एक जोडलं होतं. उजेड पडला की शिवणी विरघळायच्या. गल्ली एक व्हायची.

आज त्याच पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, हातभर भोक होतं.

“ह्यानंच कापलाय!” पूर्णिमानं बोट रोखलं ते अमरेशवर. अमरेश तालमीचा पैलवान. “गेल्या शनिवारी म्हणाला न्हवता, फाडून टाकतो तुमचा पडदा?”

“म्हणालो की! पोरांच्या सरावाची येळ खाताय, मग काय ओवाळू तुम्हास्नी? पण हात लावला न्हाय. मला चोर ठरवायचं असंल तर तालमीला कुलूप. पुढचा पिक्चर रस्त्यात बघा.”

सगळ्यांनी अप्पांकडं पाहिलं. सिनेमा चालवायचे ते बसलिंगाप्पा. सुरू केला होता त्यांच्या एकुलत्या मुलानं, आदर्शनं. प्रोजेक्टर त्यानंच आणला, आणि पहिले खेळ दाखवले ते साध्या भिंतीवर. तीन वर्षांमागं हायवेवर ट्रकनं आदर्शला उडवलं. पोराला मातीत ठेवून आलेल्या बापानं घरोघर फिरून पांढरी कापडं मागितली. पडदा उभा केला. सिनेमा थांबू दिला नाही.

“जाऊ द्या,” अप्पा म्हणाले. प्रोजेक्टरची पिशवी त्यांनी छातीशी धरली होती. “तसाबी पुढल्या आठवड्यात नवा पडदा येणार. ह्यो गणपतीच्या मांडवाला मागनं लावायचं ठरलंय न्हवं?”

“पडद्याचं सोडा, अप्पा. अमरेशचं नाव खराब होतंय,” वर्षाराणी म्हणाली.

वर्षाराणी गुडघ्यावर बसली. भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. कात्री कुठंच लागली नव्हती. टाका न् टाका उसवला होता. आणि उसवल्या जागी, दोन्ही टोकांना, दोऱ्याला बारीक गाठ.

“किल्ल्या कुणाकडं?”

“एक माझ्याकडं, एक अप्पांकडं,” अमरेश म्हणाला.

“सुईदोऱ्याचं काम येतं का रे तुला?”

“आक्का, ही बोटं बघा. लंगोटाची गाठ सुटंना झाली तर आईला हाक मारतो मी.”

कुणीतरी फिसकन हसलं. अमरेशही हसला असता, पण त्याचे डोळे भरले होते.

“अप्पा, ह्या जागचं कापड कुणाच्या घरचं?”

“आता कसं आठवंल? एवढी घरं.”

“बरं. सगळ्यांनी आपापलं कापड शोधा.”

लोक पुढं झाले. पडद्यावर हात फिरू लागले. चिमणाबाई एका तुकड्याशी थांबली. “हे आमच्या आण्णांचं धोतर. विडीनं पाडलेलं भोक हाय बघा.” कुणाला चहाचा डाग सापडला, कुणाला चादरीचा काठ. हळूहळू प्रत्येक घराला आपलं कापड मिळालं. सगळी गल्ली जागच्या जागी होती. गेलं होतं ते कुणाचंच नव्हतं.

वर्षाराणी उठली आणि शेजारच्याच दारात गेली. अप्पांच्या बायकोनं, बसव्वानं, पाट पुढं सरकवला. तालमीला लागून घर, पण ती सिनेमाला कधी आली नव्हती.

“बसव्वाक्का, पडद्याला काय दिलंतं तुम्ही?”

“लग्नातली चादर.”

“अजून काही?”

“न्हाय.” बसव्वा हातानं जमीन पुसत राहिली. “मी जात न्हाय तिकडं. मालक दर शनिवारी म्हणत्यात, चल की, एकदा तरी चल. काय बघू? पोरगं न्हाय ते बघू? त्याचं एक धडुतंबी न्हाय माझ्याजवळ. कापडं सगळी मालकांनी मठात देऊन टाकली. एक शर्ट तरी ठिवायचा हुता.”

वर्षाराणी उंबऱ्यातून मागं वळली.

“आज चला, आक्का. माझ्यासाठी.”

हॉलमध्ये येताच तिनं गर्दी बाहेर काढली. आत राहिले अप्पा, अमरेश, पूर्णिमा आणि दाराशी पदर सावरत बसव्वा.

“पूर्णिमा, कोपऱ्यातलं कापड तुझ्याकडं कुणी दिलं?”

“अप्पांनी. बाजारातनं आणलेली चिंधी म्हणाले. पण शर्टाची पाठ हुती, आक्का. कॉलर उसवल्याली.” बोलता बोलता तिचा हात तोंडावर गेला.

“चोर किल्लीनं आत आला,” वर्षाराणी खालच्या आवाजात म्हणाली. “राग असता तर त्यानं पडदा फाडला असता. ह्यानं टाके उसवले. आणि जाताना गाठी मारल्या, बाकीचं उसवू नये म्हणून. त्याला तेवढाच तुकडा हवा होता, आणि उरलेल्या पडद्यावरही जीव होता. तो तुकडा कुठल्याच घरचा नव्हता, कारण ज्यानं दिला त्यानं घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. नवा पडदा यायचं ठरलं, हा मांडवामागं जाणार म्हटल्यावर त्याचा धीर सुटला. अप्पा, एरवी प्रोजेक्टर खाली ठेवताना तुम्ही चार वेळा विचार करत नाही. आज पिशवी सोडवत नाही तुम्हांला.”

अप्पांनी पिशवी उघडली. प्रोजेक्टरभोवती पांढरं कापड गुंडाळलं होतं.

“अमरेश, माफ कर बाबा,” ते म्हणाले. “तुझ्यावर आळ येतोय बघून बोलायचं हुतं. पण ही शेजारी घरात हुती, तिच्या कानावर गेलं असतं.”

बसव्वा पुढं आली. “मला सांगितलंसा, मठात दिली.”

“बाकीची दिली. ह्यो ठिवला.”

“तीन वर्षं मी शर्ट शर्ट करतीया.”

“दर शनिवारी तुला बोलवत हुतो की. उजेड पडला की मला त्याची पाठ दिसायची. बसलाय पुढं, आन् पिक्चर बघतोय, असं.”

“सांगायचं न्हाय?”

“सांगितलं असतं तर तू मागितला असतास. आन् मला द्यायला लागला असता.”

बसव्वानं कापड घेतलं. नाकाशी नेलं. धूळ आणि साबणाचा वास. दुसरं काहीच नाही. तरी तिनं ते खाली ठेवलं नाही.

“लावा,” ती म्हणाली.

“काय?”

“पिक्चर. लोकं बाहेर ताटकळल्यात.”

पूर्णिमानं सुई काढली, पण बसव्वानं नको म्हणून मान हलवली. अमरेशनं दार उघडलं. पूर्णिमा त्याच्याजवळून जाताना थांबली. “चुकलं माझं.” तो म्हणाला, “सतरंजी टाक आधी.”

खेळ सुरू झाला. बसव्वा अप्पांपासून लांब, उजव्या कोपऱ्यासमोर, कापड मांडीवर घेऊन बसली. गल्ली हसली, गल्लीनं टाळ्या पिटल्या. कोपऱ्यातल्या भोकातून सिनेमाचा उजेड आरपार जात होता आणि मागच्या भिंतीवर, तालमीच्या तांबड्या धुळीवर, हातभर जागेत थरथरत होता.

ती तेवढंच बघत होती.